आजोबांची मॉझर आणि ५,४०० जूल: एका रायफलीच्या काडतुसाचं प्रकरण

फेब्रुवारीत, नामिबियातल्या ऐन पावसाच्या दिवसांत, ओत्जिवारोंगोकडचे एक शेतकरी विंडहुकच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आले. पन्नाशीचे, जर्मन बोलणाऱ्या घरातले, चौथी पिढी याच मातीत वाढलेली. कॅनव्हासच्या खोळीतून त्यांनी एक जुनी मॉझर ९८ काढून टेबलावर ठेवली. आजोबांची रायफल, काडतूस ९.३×६२, म्हणजे गोळीची जाडी ९.३ आणि पितळी पुंगळीची लांबी ६२ मिलिमीटर. नळी अजून चांगली होती, पण दस्त्याला अ‍ॅक्शनच्या शेपटीमागे बारीक तडा गेला होता. (अ‍ॅक्शन म्हणजे नळीमागचा पोलादी सांगाडा. नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता बोल्ट त्यातच चालतो.) त्यांची मागणी अशी: "अ‍ॅक्शन हीच ठेवायची. नळी नवी, दस्ता नवा, आणि काडतूस असं द्या की शेतावरच्या कुडू हरणापासून काप्रिवीतल्या रेड्यापर्यंत या एकाच रायफलीत भागेल."

काप्रिवी म्हणजे नामिबियाच्या ईशान्येचा चिंचोळा पट्टा. २०१३ पासून त्याचं सरकारी नाव झांबेझी प्रांत आहे, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव बसलंय. तिथल्या एका कन्झर्व्हन्सीच्या कोट्यातला एक केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा, त्यांनी जुलैसाठी ठरवला होता. कन्झर्व्हन्सी म्हणजे गावकऱ्यांच्या ताब्यातलं वन्यजीव क्षेत्र. १९९६ च्या कायदादुरुस्तीने ही सोय झाली आणि १९९८ मध्ये पहिल्या चार कन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. शिकारीचे पैसे आणि मांस गावात जातं. त्यांच्या स्वतःच्या शेतावर रेडा नाही आणि असूही शकत नाही. रानरेड्यांच्या अंगात लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात, म्हणून देशाच्या आडव्या पशुवैद्यकीय कुंपणाच्या दक्षिणेला खाजगी शेतांवर ते ठेवू देत नाहीत.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात मामांच्या लेथवर हात बसला, आणि आता नऊ वर्षं या वर्कशॉपमध्ये नळ्या बसवणं, चेंबर (नळीतली काडतूस बसायची पोकळी) कापणं, अ‍ॅक्शन सरळ करणं ही कामं करतो. मालकांना सगळे 'ऊम' म्हणतात. आफ्रिकान्समध्ये ऊम म्हणजे काका. आपल्याकडे बंदूक म्हटलं की शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर डोळ्यांसमोर येते, आणि शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंदच आहे. त्यामुळे काही गोष्टी थोड्या फोडून सांगतो.

मागणीत अडकलेलं कोडं

मोठ्या जनावरासाठी रायफल घडवून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा तक्ता घेऊन येतो. कुठल्या काडतुसाचा वेग किती, ऊर्जा किती. हे गृहस्थ रायफल घेऊन आले, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं. त्यांचं मन अ‍ॅक्शनवर होतं. काडतूस त्यांना अ‍ॅक्शनच्या मागून आणायचं होतं.

९.३×६२ हे काडतूस बर्लिनच्या ऑटो बॉक यांनी १९०५ च्या सुमारास बनवलं. जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्यांना महागड्या इंग्रजी रायफली परवडत नव्हत्या. बॉकनी साध्या मॉझर ९८ च्या मापात बसेल असं जाड काडतूस दिलं, आणि ते इथल्या घराघरांत पोचलं. १८.५ ग्रॅमची, म्हणजे २८६ ग्रेनची गोळी, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ७२० मीटर. हिशेब केला तर ऊर्जा ४,८०० जूलच्या आसपास येते.

नामिबियाचा नियम मात्र तीन पायऱ्यांचा आहे. स्प्रिंगबोकसारख्या लहान हरणाला किमान १,३५० जूल, कुडू, ओरिक्स, इलँड अशा मोठ्या हरणांना २,७००, आणि रेडा, हत्ती, पाणघोड्याला ५,४००. आजोबांची रायफल सहाशे जूलने कमी पडत होती.

ते थोडे दुखावले. "माझ्या आजोबांच्या पिढीने याच काडतुसाने रेडे मारलेत," म्हणाले. खरं आहे ते. ९.३ च्या २८६ ग्रेन गोळीचं जाडीच्या मानाने वजन आणि हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज कंपनीच्या ३७५ एच अँड एच काडतुसाच्या ३०० ग्रेन गोळीचं, दोन्ही .३०५ येतं. गोळी किती आत शिरणार हे बरंचसं या आकड्यावर आणि गोळीच्या बांधणीवर असतं. चांगल्या गोळीने, चांगल्या जागी नेम बसला तर रेड्याला या दोन्हींतला फरक कळायचा नाही. पण परवाना तपासणाऱ्याला कळेल.

काडतुसांच्या इतिहासात कायद्याचा हात नेहमीच मोठा राहिलाय, आणि त्यातलं एक मोठं उदाहरण आपल्याकडचं आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचांत) रायफली भारतात आणि सुदानात बंद केल्या. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीची .५७७/.४५० काडतुसं बंडखोरांच्या उपयोगी पडतील ही भीती होती. मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बोअर थोडं थोडं वाढवून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं काढली. आजही हत्तीसाठी दुनळी रायफल म्हटली की ४७० आठवतं, त्यामागे ही बंदी आहे.

"थोडी बारूद वाढवा की"

पहिला तोडगा त्यांनीच सुचवला. काडतुसं घरी भरतो, थोडी बारूद वाढवली तर ९.३×६२ सुद्धा ५,४०० पर्यंत जाईल. कागदावर जवळपास जातंही. ऊमनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. ही अ‍ॅक्शन दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. त्या वेळचं पोलाद कमी कार्बनचं, वरून कातडीसारखं कडक केलेलं आणि आतून मऊ. ९.३×६२ चा ठरलेला दाब ३,९०० बार आहे. या अ‍ॅक्शनने तो इतकी वर्षं सोसला, पण त्याच्या वर रोज ढकलायची ती वस्तू नाही. शिवाय उन्हात तापलेल्या बकीच्या पुढच्या सीटवर पडलेल्या काडतुसाचा दाब आणखी चढतो. (बकी म्हणजे इथली पिकअप गाडी.)

मग आम्ही तीन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साध्या ९८ च्या मॅगझीनमध्ये सुमारे ८४ मिलिमीटर लांबीचं काडतूस मावतं. ३७५ एच अँड एच आहे ९१.४ मिलिमीटर. ते बसवायला मॅगझीन पुढे वाढवावं लागतं, आणि पुढे म्हणजे नेमकं खालच्या लगच्या आधारात. (लग म्हणजे बोल्टला जागेवर अडकवणारी खुंटी.) गोळी सुटते तेव्हा मागे येणारा सगळा जोर बोल्टचे दोन लग झेलतात. त्यातल्या खालच्या लगच्या पाठीचं धातू घासून काढायचं आणि वर जास्त दाबाचं काडतूस घालायचं. जगभर हे काम झालेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच रायफली चालतातही. आमच्या वर्कशॉपमध्ये ते करत नाहीत. माझं मत मालकांहून कडक आहे: असा जॉब मशीनवर चढवूच नये.

मापात बसणारी दोन काडतुसं होती. एक ९.३×६४ ब्रेनेके, १९२७ चं, ५,४०० च्या वर सहज जाणारं. पण त्याची काडतुसं दुकानात शोधत फिरावं लागतं. विंडहुकपासून काप्रिवीतलं काटिमा मुलिलो बाराशे किलोमीटर आहे. वाटेत पेटी हरवली तर शिकार संपली.

दुसरं ३७५ रुगर. हॉर्नेडी आणि रुगर या अमेरिकी कंपन्यांनी २००७ मध्ये मिळून आणलेलं, साध्या लांबीच्या अ‍ॅक्शनसाठीच घडवलेलं आणि जोरात ३७५ एच अँड एचच्या पुढे जाणारं. इथे मात्र मी स्वतः मोहात पडलो होतो. माप बसतंय, कायदा बसतोय, आजोबांची अ‍ॅक्शन राहतेय. रात्री घरी जेवणानंतर हिशेब मांडला. बोल्टवर येणारा जोर म्हणजे काडतुसाच्या तळाचं क्षेत्रफळ गुणिले दाब. ९.३×६२ चा तळ १२.१ मिलिमीटर, दाब ३,९००. रुगरचा तळ १३.५, दाब साधारण ४,३००. व्यासांचा वर्ग केला, दाबाचं गुणोत्तर लावलं, तर जोर ३७ टक्क्यांच्या आसपास जास्त. शिवाय बोल्टचं तोंड १२ वरून साडेतेरा मिलिमीटरपर्यंत मोठं करायचं, म्हणजे तिथलंही धातू जाणार.

अशी अ‍ॅक्शन पहिल्याच गोळीला फुटणार नाही. आतल्या मऊ पोलादात लग हळूहळू रुततील, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट) वाढेल, पुंगळ्या ताणल्या जातील, आणि एके दिवशी जेव्हा दुसरी गोळी तातडीने हवी असेल तेव्हा बोल्ट उचलायला ताकद लावावी लागेल. समोर चाळीस मीटरवर जखमी रेडा असताना. सकाळी तो कागद मी ऊमच्या पुढे ठेवला. त्यांनी एकदा वाचला आणि फोन उचलला.

फोनवर त्या शेतकऱ्यांना सांगितलं ते असं: या अ‍ॅक्शनला आहे तेच काडतूस योग्य आहे, दुसरं कुठलंही नको. रेड्यासाठी वेगळी रायफल, वेगळ्या अ‍ॅक्शनवर. दोन्ही त्यांना हव्या तर दोन परवाने. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग मोठंच करू. ४१६ रिग्बी."

खांदा

४१६ रिग्बी १९११ चं. ४०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ७३० मीटर, ऊर्जा जवळपास ६,९०० जूल. पुंगळी इतकी प्रशस्त की हे सगळं अवघ्या ३,२५० बारमध्ये होतं. म्हणून उष्ण प्रदेशात ती सहसा चेंबरमध्ये चिकटून बसत नाही. मला स्वतःला हे काडतूस फार आवडतं. पण आवडीचा प्रश्न नव्हता. गृहस्थांचा उजव्या बाजूचा गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) तरुणपणी घोड्यावरून पडून मोडलेलं, ही गोष्ट आम्हाला तेव्हा कुठे समजली.

शहराबाहेरच्या रेंजवर ऊमनी स्वतःच्या दोन रायफली नेल्या. ४१६ साधारण ४.६ किलोची, ३७५ साधारण ४.३ ची. माझ्या हिशेबाने ४१६ चा धक्का ७८ जूलच्या आसपास, ३७५ चा ५१, आणि आजोबांच्या ३.९ किलोच्या ९.३ चा ४१. आकड्यांत ३७५ ही ९.३ च्या जवळ आहे. पण मला आकडे नको होते, त्यांचा हात बघायचा होता.

लाकडी तिकाठीवरून, उभ्याने, पन्नास मीटरवर. काडतुसं मी भरत होतो, आणि मधूनच एक खोटं काडतूस घालत होतो, बारूद नाही, टोपी नाही. नेमबाजाला कळत नाही कुठलं खोटं. ४१६ च्या पहिल्या दोन गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या. तिसरी वीत भर खाली. चौथं खोटं होतं. चाप ओढला, टक् असा आवाज झाला, आणि नळीचं तोंड स्वतःहून चार बोटं खाली गेलं. धक्का येणार म्हणून शरीराने आधीच दिलेलं उत्तर ते. त्यांनीही ते बघितलं. डोळे मिटलेले होते हे मला दिसलं होतं, पण ते मी बोललो नाही.

दहा मिनिटं थांबून ३७५ दिली. सहा खऱ्या, दोन खोट्या. खोट्यावर नळी जवळजवळ स्थिर. सहाही गोळ्या तळहाताखाली झाकता येतील इतक्या जागेत. रायफल खाली ठेवताना ते म्हणाले, "हीच."

रेड्याच्या शिकारीत खराब बसलेली मोठी गोळी ही नीट बसलेल्या मध्यम गोळीहून वाईट असते, हे इथले अनुभवी मार्गदर्शक सगळ्यांना सांगतात. जनावर जखमी होऊन वेतात शिरलं की ते यातनेत राहतं आणि मागून जाणाऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. मला या धंद्यात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

३७५ एच अँड एच का टिकून आहे

१९१२ चं काडतूस, आणि आफ्रिकेत अजून त्याची जागा कोणी घेतलेली नाही. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला ७७० मीटरने, म्हणजे ५,७०० जूलच्या वर. नियमाला थोडी जागा ठेवून पास. गोळीचा मार्ग ३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या १८० ग्रेन गोळीसारखाच, म्हणजे शेतावर दीडशे-दोनशे मीटरवरच्या ओरिक्सलाही चालतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात हत्यारांचं साधं दुकान असलं तरी हे काडतूस बहुधा मिळतं.

पुंगळीचा आकार बघण्यासारखा आहे. खालपासून वरपर्यंत निमुळती, खांदा उतरता. त्या काळी कॉर्डाइट ही बारूद वापरत, आणि उष्णतेने तिचा दाब चढत असे. निमुळती पुंगळी उन्हाळ्यातही चेंबरमधून सहज सुटावी हा हेतू. खांदा इतका उतरता असल्याने काडतूस चेंबरमध्ये कुठे थांबणार ते तळाशी असलेला पट्टा ठरवतो. तो पट्टा ताकदीसाठी आहे असं बरेच जण समजतात, ते चूक आहे. त्याचं काम फक्त हेडस्पेसचं. चेंबर कापताना आम्ही पट्ट्याच्या मापावर विसंबून राहत नाही. खांद्यापाशीही फट कमीत कमी ठेवतो, म्हणजे पुंगळी दरवेळी पट्ट्याच्या पुढे ताणली जात नाही.

अ‍ॅक्शन मिळाली ती ब्रनो या चेक कारखान्याची जुनी ६०२, वापरलेली पण सरळ. मुळात ३७५ आणि त्याहून लांब काडतुसांसाठीच बनलेली. मॅगझीनमधून काडतूस सुटताच पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर त्याची कड पकडतो आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. धोक्याच्या जनावरासाठी मला हेच हवं असतं. नळी ६१ सेंटिमीटर, आतल्या आट्यांचा पीळ बारा इंचाला एक. दुर्बीण कमी ताकदीची आणि एका खटक्यात निघणारी, खाली उघडा नेम पन्नास मीटरला लावलेला. सगळं मिळून ४.४ किलो.

एक चूक आमच्याकडून झाली ती लिहितो. मॅगझीनची चाचणी मी मऊ टोकाच्या गोल गोळ्यांच्या खोट्या काडतुसांवर केली. वीसच्या वीस लोण्यासारखी गेली. रेड्याला पहिली गोळी मऊ टोकाची, पण मागच्या सगळ्या भरीव असायच्या होत्या, आणि त्या चपट्या नाकाच्या. मे महिन्यात गृहस्थ स्वतः तपासायला आले आणि त्यांनी ती भरीव काडतुसं भरली. तिसरं अर्ध्यावर अडकलं. चपट्या नाकाची कड चेंबरच्या तोंडाच्या खालच्या धारेवर आपटत होती. धार नखाला जेमतेम जाणवेल एवढी.

रायफल परत ठेवून घेतली. धारेला बारीक उतार दिला, ज्यावरून काडतूस वर चढतं तो रॅम्प घासून आरशासारखा केला, आणि मग शंभर वेळा बोल्ट मारला. सावकाश, जोरात, रायफल आडवी धरून, शेवटी उलटी धरून. उलट्या रायफलीतही काडतूस एक्स्ट्रॅक्टरच्या पंजात राहून आत गेलं पाहिजे. गेलं. त्या दिवसापासून ग्राहक ज्या गोळीने शिकार करणार तीच गोळी चाचणीला घ्यायची असा आमच्या कार्डावर रकाना आहे.

जुलैच्या शेवटी ते परत आले. पुरात न बुडलेल्या उंचवट्यावर, वेताच्या कडेला, पंचेचाळीस मीटरवर रेडा उभा मिळाला होता. पहिली गोळी खांद्यात, दुसरी तो वळताना. शंभर पावलांच्या आत पडला. दुसऱ्या गोळीच्या वेळी काय झालं हे मी मुद्दाम विचारलं. "बोल्ट मारल्याचं आठवतच नाही," म्हणाले.

खिशातून त्यांनी काडेपेटी काढली. पहिली गोळी पलीकडच्या खांद्याच्या कातड्याखाली सापडली होती. मी ती आमच्या बारूद मोजायच्या काट्यावर ठेवली. तीनशे ग्रेनपैकी २८१ शिल्लक, पुढचा भाग फुलासारखा उमललेला, मागचा दंडा शाबूत. ऊमनी ती बराच वेळ बोटांत फिरवून बघितली आणि काडेपेटीत परत ठेवली.

मग त्यांनी गाडीतून दुसरी खोळ आणली. तीच कॅनव्हासची. आजोबांची ९.३ टेबलावर ठेवून तडा गेलेल्या जागेवर अंगठा फिरवला. पुढच्या हंगामात शेतावर कुडूला मुलगी ही वापरणार आहे, तिला लांबी थोडी कमी लागेल, म्हणाले. मी टेप काढला आणि मुलीच्या कोपरापासून चापाच्या बोटापर्यंतचं माप विचारलं.